सीमेवरच्या माणसाला कळणारं संगीत

आज विषय थोडा वेगळा, व्हिडिओ गेमचा. गेम म्हटलं की आपल्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. गोळीबाराचा खेळ लहान मुलांच्या हाती देऊ नये, हे मलाही मान्य. पण २०१० साली आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’चं नुसतं संगीत आपण भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या लोकांनी तरी ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ते सीमाभागाचं संगीत आहे. गोष्ट १९११ची, अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरची. ओसाड माळ, घोडे, बंदुका. त्यात गिटार, माऊथ ऑर्गन आणि मेक्सिकोकडच्या वळणाचं ट्रम्पेट एकाच घरात नांदतात. नायक नदी ओलांडून मेक्सिकोत शिरतो तेव्हा एक शांत गाणं लागतं. गाणारे होसे गोन्झालेस स्वीडनचे, आईवडील अर्जेंटिनाचे! सूर पासपोर्ट विचारत नाही.

बिल एल्म आणि वुडी जॅक्सन या संगीतकारांचा हिशेब माझ्यासारख्या बँकवाल्याला फार आवडला. बहुतेक संगीत एकाच सुरात, ए मायनरमध्ये, आणि एकाच लयीत, मिनिटाला १३० ठोके. प्रत्येक वाद्याचा थर वेगळा. घोडा निवांत चालला की एखादंच वाद्य वाजतं, संकट आलं की ढोल मिसळतो. सूर-लय एकच, म्हणून सांधा दिसत नाही. आपल्या कीर्तनात दुसरं काय होतं? बुवा आख्यान लांबवतात तोवर पेटीवाला हलकेच सूर धरून असतो, अभंग उचलला की टाळ-मृदंग उसळतात. खेळणारा बुवा, संगीत साथीदार.

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य तुटलं. बीदर-गुलबर्गा म्हैसूरकडे आले, लातूर-नांदेडकडचे सोयरे तिकडे राहिले. कागदावर रेघ पडली, पण आमच्या भजनात अभंगामागून कन्नड वचन आलं तर कुणाला खटकत नाही. आणि हिंदीतला सगळ्यात गाजलेला घोडे-बंदुकांचा सिनेमा, १९७५चा ‘शोले’, कुठे घडला? आपल्याच कर्नाटकात, रामनगरच्या खडकांत. पंचमदांचं त्यातलं माऊथ ऑर्गन आपण परकं म्हटलं का कधी?

आज आपली नातवंडं पुण्या-बेंगळुरूला, कानाला हेडफोन. आपले अभंग त्यांनी ऐकावेत असं वाटतं ना? मग सुट्टीला घरी आली की एक कान त्यांच्याकडून मागून घ्या. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच खातं चालू राहतं.