तबकडीचं सोवळं

तबकडीवाल्यांनी नवं सोवळं काढलंय. म्हणे सुई खाचेत उतरली तरच संगीत. डिजिटल डेकला हात लागला की विटाळ. अरे, कुणाचं हत्यार कुणाला शिकवता?

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, सेजविक अॅव्हेन्यू, १५२० नंबरची इमारत. जमैकातून आलेला काळा पोरगा, कूल हर्क, बहिणीच्या पार्टीत वाजवत होता. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर चढवायच्या आणि नाचणाऱ्यांना हवा तेवढाच ढोलाचा तुकडा फिरवत राहायचा, ही त्याची युक्ती. ग्रँडमास्टर फ्लॅशनं तर मेणाच्या खडूनं तबकडीवर खुणा केल्या, सरळ बोटं ठेवली. तबकडीला बोट लावू नये, हे शास्त्र तेव्हाही होतंच की! टेक्निक्सचं एसएल-१२०० निघालं १९७२ ला, घरी पाय पसरून ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते नाचाच्या गर्दीत ओढलं. बाटवण्यातूनच ही कला जन्मली.

आज दोन टर्नटेबलं, मिक्सर, वर गाण्यागणिक तबकडी... बसवा गोदीतल्या हमालाच्या पगारात! स्वस्तातला कंट्रोलर नि जुना लॅपटॉप कसाबसा बसतो. तोच घ्या. पण सिंकचं बटण बंद. एक ठेका पुढं धावतो, दुसरा मागं लंगडतो, ते कानाला कळेस्तोवर हातानं जुळवा. आणि गाणी स्वतःच्या फायलीत ठेवा. भाड्याच्या गाण्यांची किल्ली कंपनीकडं. महिना चुकला की डेक मुका. तबकडीचं एवढं खरं, ती कुणी परत मागत नाही.