स्वयंसेवेवर वाचनालय चालते का?

पुस्तकांची निवड, दाखल नोंद, देवघेव, हिशेब आणि झाडलोट ही सारी कामे जेथे पगार न घेणारे नागरिक वाटून घेतात, ते स्वयंसेवी वाचनालय. अशा वाचनालयांवर चार आक्षेप घेतले जातात. ती टिकत नाहीत, शास्त्रशुद्ध चालत नाहीत, त्यांची पुस्तके गहाळ होतात आणि त्यांच्या आडून शासन आपली जबाबदारी टाळते. यांपैकी पहिले तीन तपासाअंती गळून पडतात. चौथा खरोखर गंभीर आहे, मात्र त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला आक्षेप टिकण्याचा. स्वयंसेवकांचा उत्साह वर्षभरात ओसरतो, असे म्हटले जाते. महाराष्ट्राचा ग्रंथालय-इतिहास याच्या उलट साक्ष देतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये आणि मुंबईचे 1898 मध्ये निघाले. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला 1967 मध्ये. तोवर या संस्था वर्गणी, देणग्या आणि पदाधिकाऱ्यांचे विनावेतन काम यांवरच मुख्यतः उभ्या होत्या.

अनेक लहान वाचनालये बंद पडली, हेही खरे. बहुधा तेथे किल्ली, वही आणि हिशेब एकाच हौशी माणसाकडे असतात; तो गाव सोडून गेला की दाराला कुलूप लागते. त्यावर उपाय व्यवस्थेचा आहे. प्रत्येक पाळीला दोघे असावेत, किल्ल्या दोन घरी असाव्यात, कार्यवाहपदाला मुदत असावी आणि कामाची पद्धत लिहून ठेवलेली असावी. संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवली की लेखापरीक्षण व वार्षिक सभा यांची शिस्त आपोआप लागते. वेळेचेही तसेच आहे. रोज दोनच तास, पण न चुकता उघडणाऱ्या वाचनालयावर वाचक विसंबतो. दिवसभराची पाटी लावून अधूनमधून बंद राहणाऱ्याकडे तो पुन्हा फिरकत नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. ग्रंथालयशास्त्राला प्रशिक्षण लागते, यात वाद नाही. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनीही लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून घेतले. पण हजार-दोन हजार पुस्तकांच्या संग्रहाला लागणारे ज्ञान कोणत्याही चिकाटीच्या नागरिकाला शिकता येते. दाखल नोंदवहीत तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि पुस्तक कोठून आले याची नोंद हवी. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला 891.46 हा अंक आहे; त्याखाली कविता, नाटक, कथा-कादंबरी असे विभाग पाडून लेखकाच्या नावाने पुस्तके लावली की वाचकाला हवे ते चटकन सापडते. कोहा ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. सुरुवातीची मांडणी प्रशिक्षित ग्रंथपालाकडून करून घ्यावी आणि पुढचे रोजचे काम स्वयंसेवकांनी चालवावे. खरी कसोटी लागते ती देणगीच्या पुस्तकांपाशी. घरातली अडगळ आणि जुनी क्रमिक पुस्तके नम्रपणे नाकारता आली नाहीत, तर कपाटे भरतात आणि वाचक कमी होतात.

तिसरा आक्षेप पुस्तके गहाळ होण्याचा. काही पुस्तके परत येत नाहीत, हे मान्यच करावे लागते. परंतु कुलूपबंद कपाटात वाळवी आणि ओल यांनी संपलेली पुस्तकेही गेलेलीच असतात. त्यांचा दोष मात्र कोणी वाचकाला देत नाही. रंगनाथन यांच्या 1931 च्या पंचसूत्रीतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी आहेत असे सांगते. जबर अनामत ठेवली की पुस्तके सुरक्षित राहतात आणि ज्याला त्यांची सर्वाधिक गरज आहे तो उंबऱ्याबाहेर राहतो. मांडणी मुक्तद्वार ठेवली, म्हणजे वाचकाला कपाटातून स्वतः पुस्तक निवडू दिले, तरी परतीची आठवण करून देणारा फोन आणि वार्षिक ग्रंथपडताळणी एवढ्यावर नुकसान आटोक्यात ठेवता येते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ब्रिटनमध्ये 2010 नंतरच्या खर्चकपातीत स्थानिक परिषदांनी अनेक ग्रंथालयांतून पगारी कर्मचारी काढले आणि ती स्वयंसेवकांच्या हवाली केली. महाराष्ट्रातही अ, ब, क, ड वर्गांच्या अनुदानित ग्रंथालयांतील सेवक तुटपुंज्या वेतनावर राबतात. विनावेतन काम करणारे मिळतात म्हणून वेतनच देऊ नये, हा युक्तिवाद अन्यायाचा आहे आणि त्याला स्वयंसेवकांनीच सर्वांत आधी विरोध केला पाहिजे. म्हणून स्वयंसेवी वाचनालये बंद करावीत, असे मात्र ठरत नाही. ती बंद केल्याने एकही सरकारी वाचनालय उघडणार नाही. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय-उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात ती नाही. ही उणीव शासनापुढे नेटाने मांडण्याचा अधिकार रोज वाचनालय उघडणाऱ्यांना सर्वाधिक आहे. दिल्लीतील द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट मोफत ग्रंथालये चालवतो आणि सर्वांसाठी मोफत सार्वजनिक ग्रंथालये शासनाने उभारावीत ही मागणीही लावून धरतो. काम आणि मागणी एकत्र चालतात, हे त्यातून दिसते.

यातून कामाची रास्त वाटणी ठरते. इमारत, ग्रंथपालाचे योग्य वेतन आणि पुस्तकखरेदीचा नियमित निधी ही शासनाची जबाबदारी आहे. मुलांना वाचून दाखवणे, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना पुस्तके पोचवणे, वस्तीतल्या वाचकाची आवड नावानिशी ओळखणे ही शेजाऱ्यांनी करायची कामे आहेत आणि ती कोणत्याही अनुदानातून विकत मिळत नाहीत. 2009 मध्ये नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या ग्रंथपेट्या परदेशातील मराठी वाचकांपर्यंत गेल्या, त्या अशाच माणसांच्या हातांनी. जेथे शासनाचे वाचनालय आहे, तेथे स्वयंसेवकांनी त्याला बळ द्यावे. जेथे नाही, तेथे आपले उघडावे, नियमाने चालवावे आणि शासनाकडे त्याचा हक्काचा निधी मागत राहावे.