मिनाराआधी माती तपासा

मस्जिदीच्या किंवा मदरशाच्या बांधकामासाठी चंदा मागायला लोक येतात तेव्हा पावतीपुस्तकासोबत मिनाराचे रंगीत चित्र असते. माती तपासणीचा अहवाल कुणी दाखवत नाही आणि देणाराही विचारत नाही. घरांचेही तेच. ‘शेजाऱ्याने पाच फूट खोदले, आपणही पाचच खोदू’, एवढ्यावर पाया ठरतो.

स्वारगेट परिसरात तरी हे चालू नये. शेजारच्या सारसबागेच्या जागी पेशवेकाळी तळे होते. मुठेचा कालवा इथूनच जातो. त्यामुळे एका प्लॉटखाली मुरूम आणि कातळ, तर जवळच्याच दुसऱ्या प्लॉटखाली गाळ किंवा भराव निघू शकतो. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात.

तपासणी समजायला अवघड नाही. बोअरमध्ये उतरवलेल्या नळीवर 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा टाकतात. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढच्या 30 सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके जास्त, तर जमीन घट्ट. दुसरी पद्धत प्लेट लोड टेस्टची. पायाच्या पातळीवर लोखंडी प्लेट ठेवून वजन वाढवत नेतात आणि ती किती खचते ते पाहतात. पण या चाचणीची नजर प्लेटच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच पोहोचते. 30 सेंटिमीटरच्या प्लेटला पाच फुटांखालचा गाळ दिसणार नाही. उन्हाळ्यात केलेली चाचणी पावसाळ्यातले पाणीही दाखवत नाही, आणि भूजल वर आले की जमिनीची ताकद घटते. म्हणून एकट्या प्लेटवर विसंबू नये.

खर्चाची सबब मला पटत नाही. संगमरवर नंतर बसवता येतो, पाया नंतर बदलता येत नाही. लहान घर असेल तर निदान खड्डा खोदून अभियंत्याला माती दाखवावी.

इमारत खचली की आपण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मोकळे होतो. पण सूरह तौबाच्या 109व्या आयतीत ढासळत्या काठावर उभारलेल्या इमारतीचाच दाखला आहे. तिथे मुद्दा नियतीचा नसून नीयतीचा आहे, हे खरे. तरी ज्या दाखल्यातून नीयत समजावली, तो दाखला तरी आपण शब्दशः खरा करू नये.

चंदा ही अमानत आहे. यापुढे देताना एकच प्रश्न विचारा: मातीचा अहवाल कुठे आहे?