नवे कामगार कायदे : तुमची कंपनी तयार आहे का, हे सॅलरी स्लिपवर कसं ओळखाल?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ केंद्रीय कायदे एकत्र करून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा अशा चार विषयांत बसवले आहेत. बातम्या बऱ्याच आल्या, रील्स त्याहून जास्त आल्या. पण नोकरी करणाऱ्या बहुतेकांना ऑफिसमधून एकच उत्तर मिळतंय, ‘नियम नीट येऊ देत, मग बघू.’

माझ्या मते हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे फॉर्म, रजिस्टर, अर्जाची पद्धत असे तपशील नियमांतून ठरतात. पण पगार कशाला म्हणायचं आणि हिशेब किती दिवसांत द्यायचा, हे संहितेतच लिहिलंय. त्याची तयारी करायला थांबायची गरज नाही. आणि ही तयारी वकिलापेक्षा जास्त पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची आहे.

१. पगाराची नवी व्याख्या

आपल्याकडे जुनी पद्धत अशी की बेसिक कमी ठेवायचं आणि बाकी रक्कम भत्त्यांमध्ये वाटायची. पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजली जाते, म्हणून कंपनीचा खर्च कमी राहतो. नव्या व्याख्येत घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाल्या, तर वरची रक्कम पुन्हा ‘वेतना’त धरायची आहे.

उदाहरण घेऊ. पगार ४०,००० रुपये. त्यात बेसिक १२,००० आणि घरभाडं, प्रवास असे भत्ते मिळून २८,०००. निम्मे म्हणजे २०,०००. भत्ते त्याहून ८,००० ने जास्त आहेत, म्हणून ते ८,००० बेसिकमध्ये मिळवायचे. हिशेबासाठी तुमचं वेतन झालं २०,०००.

आता ग्रॅच्युइटी बघा. सूत्र सोपं आहे : शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पाच वर्षांनंतर १२,००० वर साधारण ३४,६०० रुपये मिळतात, तर २०,००० वर साधारण ५७,७००. फरक २३,००० च्या आसपास.

मग हातात येणारा पगार कमी होणार का? ते पीएफवर अवलंबून आहे. पीएफची सक्ती १५,००० रुपये वेतनापर्यंतच आहे. ज्यांचा पीएफ आधीच त्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये कापला जातो, त्यांना फरक पडायचं कारण नाही. आपल्या उदाहरणात १२,००० वर १,४४० कापले जात होते, ते १,८०० होतील, म्हणजे ३६० कमी. कंपनी स्वतःचा वाटाही सीटीसीतूनच धरत असेल तर ७२०. पैसे तुमच्याच खात्यात जातात हे खरं, पण पुण्यात खोलीचं भाडं भरणाऱ्याला ७२० रुपये जाणवतात. म्हणून हा बदल आधी लेखी सांगायला हवा. एक तारखेला मेसेज वाचून कळणं ही तयारी नव्हे.

२. दोन दिवसांत हिशेब

मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. राजीनामा असो की कामावरून काढणं, वेतनाची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. आजवर ‘फुल अँड फायनल’साठी महिना-दीड महिना थांबणं लोकांनी नेहमीचं मानलं होतं.

हे अवघड का, तेही समजून घेऊ. बहुतेक कंपन्यांचं पेरोल महिन्यातून एकदाच चालतं. हजेरी एका ठिकाणी, रजा दुसरीकडे, लॅपटॉप परत आल्याची नोंद तिसरीकडे आणि मंजुरी साहेबांच्या व्हॉट्सॲपवर. दोन दिवसांचं गणित जमवायचं तर हे सगळं आधीच जोडलेलं असावं लागतं, आणि महिन्याच्या मध्येही एका माणसाचा पगार काढता यायला हवा. दहा-पंधरा माणसांच्या छोट्या फर्मला हे जड जाईल, हे मान्य. पण त्यांनी सुरुवात इथूनच करायला हवी, कारण नोकरी सुटलेल्या माणसाकडे थांबायला वेळ नसतो.

३. कागद हातात

सॅलरी स्लिप देणं मालकाचं काम आहे. ती मोबाईलवर आली तरी चालते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्रही द्यायचं आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असाल, तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची वाट नाही, एक वर्ष पुरेसं. करारावर मुलं घेणाऱ्या कंपन्यांनी हा खर्च आताच धरायला हवा. ठरल्यापेक्षा कमी वेतन दिलं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

डिलिव्हरी करणाऱ्यांचं काय?

गिग कामगारांची व्याख्या पहिल्यांदाच कायद्यात आली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. लाभ आधारशी जोडलेल्या नोंदणीवर मिळणार, म्हणून ई-श्रमवर नाव घालून ठेवा. पण हा माणूस ‘कर्मचारी’ झालेला नाही, त्यामुळे वर सांगितलेले दोन दिवस, ग्रॅच्युइटी वगैरे त्याला आपोआप लागू होत नाही. इथे मला कायदा अपुरा वाटतो.

आज काय कराल?

- गेल्या तीन महिन्यांच्या स्लिप उघडा. बेसिक एकूण पगाराच्या निम्मं आहे का, बघा.
- ईपीएफओच्या पासबुकमध्ये कंपनीचा वाटा दर महिन्याला जमा होतो का, तपासा.
- एचआरला मेलवर तीन प्रश्न विचारा : पगाराची रचना कधी बदलणार, हातात किती येणार आणि नोकरी सोडल्यास हिशेब किती दिवसांत मिळणार?

फोनवर नको, मेलवरच. तयारी केलेली कंपनी तारीख आणि आकडा देईल. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर तो मेल जपून ठेवा. नेमणूकपत्र आणि स्लिपची प्रतही ऑफिसच्या नाही, स्वतःच्या मेलवर ठेवा. नोकरी सुटते त्या दिवशी ऑफिसचं लॉगिन सगळ्यात आधी बंद होतं.