अफगाण चर्चच्या भिंतीवर नसलेली नावे

सेमाडोहकडील आमचे विद्यार्थी मुंबईस जाऊन आले म्हणजे राणीच्या बागेचे व चौपाटीचे वर्णन पुष्कळ करितात. कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक हे प्रार्थनामंदिर मुद्दाम पाहण्याजोगे आहे. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ १८४७ साली त्याचा पाया घातला गेला व १८५८ साली संत योहानाच्या नावाने त्याचे समर्पण झाले. त्याची रचना हेन्री कॉनीबिअर याची. मुंबईस विहार तलावाचे पाणी आणणारा इंजिनियर तो हाच. फिकट पिवळसर दगडाच्या भिंती, टोकदार गॉथिक कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि सुमारे २०० फूट उंचीचा मनोरा. समुद्रावरील गलबतांना हा मनोरा खूण म्हणून दिसावा, अशी जागा देतानाच सरकारची अट होती. त्याच्या कळसाच्या खर्चास कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनी हातभार लाविला.

तथापि आम्हांस मनोऱ्यापेक्षा आतील स्मृतिलेख अधिक विचार करावयास लावतो. त्यात अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. सिंध व अफगाणिस्तान येथे तलवारीने अथवा आजाराने मेलेल्या खालच्या अंमलदारांचा व शिपायांचा उल्लेख आहे, पण त्यांची संख्या फार म्हणून नावे दिलेली नाहीत. ठीक आहे. परंतु बुणग्यांचे काय? १८४२ च्या जानेवारीत काबूलहून जी फौज परत फिरली तीत शिपाई सुमारे ४,५००, त्यांतले बहुतेक हिंदी. आणि भिस्ती, स्वयंपाकी, उंटवाले, बायकामुले मिळून बुणगे सुमारे १२,०००. बर्फात व खिंडींत त्यांचा जवळजवळ संहारच झाला. कुलाब्याच्या लेखात बुणग्यांसाठी एक शब्दही नाही.

हा दोष एकट्या इंग्रजांचा नव्हे. आपल्या गाविलगडावर १८०३ साली किल्लेदार बेनीसिंग पडला, त्याचे नाव राहिले. त्याच्याबरोबर पडलेल्यांची किती जणांस ठाऊक आहेत?

१९७० साली नागपुरात जी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तिच्याकडे आज हे मंदिर आहे. तिने जुन्या लेखास हात न लावता शेजारी एक साधी शिळा बसवावी, असे आमचे मत आहे. नावे आता मिळावयाची नाहीत. निदान भिस्ती, स्वयंपाकी, उंटवाले एवढे तरी तीवर मराठीत कोरावे. जुन्या वास्तूत नवा दगड शोभणार नाही, असे कोणी म्हणेल. पण समर्पणानंतर ७ वर्षांनी, १८६५ साली, पुरा झालेला कळस तेथे शोभतोच की!