दोनशे एकोणपन्नास ग्रॅम

बँकेच्या खिडकीमागे बावीस वर्षं काढली की माणसाला एक सिद्धी प्राप्त होते. समोरचे गृहस्थ स्लिप पुढे सरकवायचे आणि रक्कम ४९,९०० असणार हे न वाचताच कळायचं. तेव्हा एका दिवसात ५०,००० च्या वर रोख भरली की पॅन द्यावा लागायचा, म्हणून वरचे शंभर-दोनशे घरी ठेवून आलेले असायचे. गृहस्थ सभ्य असायचे, नियम मोडलेला नसायचा. फक्त ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक हसू असायचं. तेच हसू मी जपानला निघायच्या आदल्या रात्री आमच्या मेव्हण्याच्या तोंडावर पाहिलं.

"भाऊजी, वजन बघा. दोनशे एकोणपन्नास ग्रॅम!"

तळहातावर कॅमेऱ्याचा ड्रोन होता, मित्राकडून मागून आणलेला. बऱ्याच देशांत २५० ग्रॅमपासून नियम कडक होतात, म्हणून कंपनीनेच तो एक ग्रॅम कमी करून विकलेला. चप्पल ९९ रुपये ९५ पैशांना विकणाऱ्यांचीच ही जात. त्याच्या बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या पिशवीतच लागतात. त्यामुळे सौ.च्या चिवड्याची त्या पिशवीतून हकालपट्टी झाली आणि पुढे त्याचा चुरा हॉटेलात चमच्याने खावा लागला. पण ते असो.

विमानात मी माझ्या धंद्याच्या सवयीप्रमाणे नियम वाचले. २०१५ च्या एप्रिलमध्ये टोकियोत पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या छपरावर एक ड्रोन सापडला. तेरा दिवस तो वर पडून होता आणि कुणाला पत्ता नव्हता! त्याच वर्षी जपानने कायदा केला. मर्यादा होती २०० ग्रॅमची. पुढे एका चिनी कंपनीने खास जपानसाठी १९९ ग्रॅमचा ड्रोन काढला. (आमच्या खिडकीवर शोभला असता.) मग २०२२ च्या जूनमध्ये जपानने मर्यादा आणली थेट १०० वर. आता १०० ग्रॅमपासून नोंदणी हवी, यंत्रावर क्रमांक हवा, आणि वेगळी परवानगी नसेल तर उडवायचं दिवसा, नजरेच्या टप्प्यात, माणसांपासून आणि घरांपासून ३० मीटर लांब.

मी हे मेव्हण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भाऊजी, तिथे तराजू घेऊन कोण बसलंय?"

म्हणजे २४९ चा अभिमान होता तो ठाण्यापुरताच.

आता माझं म्हणणं ऐका. ग्रॅमचा हिशेब आहे तो डोक्यावर पडण्याचा. हलकी वस्तू पडली तर टेंगूळ येईल, जड पडली तर टाके. ठीक. पण डोळ्याला कुठलं आलंय वजन? युरोपातल्या मंडळींना हे कळलेलं दिसतं. तिथे २५० च्या आतला असला तरी, कॅमेरा असेल आणि ते निव्वळ खेळणं नसेल, तर उडवणाऱ्याने नाव नोंदवावंच लागतं. आणि आमचे प्रवासी परत आल्यावर तक्रार करतात की परदेशात फार कटकटी! अहो, दुसऱ्याच्या घरी जाताना बेल दाबावी लागते, ही कटकट?

हे सगळं मी ताठ मानेने लिहिलं असतं. पण शिराकावागोला जे झालं ते सांगितल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

शिराकावागो हे डोंगरातलं गाव. उतरत्या गवती छपरांची मोठमोठी घरं, जोडलेल्या हातांसारखी. बर्फ घसरून जावं म्हणून उतार तेवढा ठेवलेला. एक छप्पर शाकारायचं तर सारा गाव लोटतो. १९९५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मुख्य म्हणजे लोक तिथे राहतात. आग हीच मोठी भीती. आणि ड्रोनला बंदी. पाटीवर चित्रच होतं, चार पंख आणि वर तांबडी काट. निरक्षरालाही कळावं असं. आम्ही दोघं पदवीधर.

गाव इतकं सुंदर, की ही छपरं वरून कशी दिसत असतील असं मला झालं. "उडव रे, दोन मिनिटं," हे वाक्य माझं. मेव्हणा तर सकाळपासून तयारच होता.

तो वर गेला. डासांची अख्खी पलटण घुमावी तसा आवाज. आम्ही दोघं फोनच्या पडद्यात माना खुपसून. समोर अख्खं गाव उभं असताना आम्ही ते बिस्किटाएवढं करून बघत होतो! पडद्यावर एका घरामागचं अंगण आलं. एक म्हातारी चटईवर कसल्याशा शेंगा पसरत होती. तिने वर पाहिलं. ओरडली नाही, दगड मारला नाही. हातातली टोपली खाली ठेवली, आत गेली आणि दार सरकवून घेतलं.

मागून एक वयस्क गृहस्थ आले. कमरेत वाकले, पाटीकडे हात केला, पुन्हा वाकले. चार शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. वाकणाऱ्या माणसाशी काय भांडणार? मीही वाकलो. ते आणखी वाकले. सौ. लांब उभी राहून ही कवायत बघत होती.

ती फिल्म पुसून टाक, असं मी मेव्हण्याला तीनदा सांगितलं. त्याने ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. एकेचाळीस अंगठे आले. माझाच आला नाही, एवढंच काय ते माझं शौर्य.

गेल्या महिन्यात समोरच्या कार्यालयात लग्न होतं. शूटिंगवाल्याचा ड्रोन वरातीवरून भरकटत आमच्या गच्चीवर येऊन तरंगायला लागला. गच्चीवर सौ.चे पापड वाळत होते, आणि रविवारचे जेवायला आलेले मेव्हणेसाहेब बनियनवर सतरंजीत पहुडले होते. ते ताडकन उठले, पंचा शोधू लागले आणि आभाळाकडे मूठ उगारून ओरडले, "लाज नाही वाटत? लोकांच्या घरात डोकावता? पोलिसांत देईन!"

मी पापड उलटत विचारलं, "वजन किती असेल रे त्याचं?"