पुढचे चाक हवेत

इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका गॅरेजमध्ये मागच्या पावसाळ्यात एक मोटारसायकल दुरुस्तीला आली. गाडी कॉलेजात जाणाऱ्या मुलाची, पण कागदोपत्री वडिलांच्या नावावर, म्हणून वडीलच घेऊन आले होते. क्लचप्लेट आठ महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली होती. पुढच्या फोर्कच्या सीलमधून तेल झिरपत होते, कोनसेट खडखडत होता आणि मागची नंबरप्लेट खालच्या कडेने घासून पांढरी पडली होती. फिटरने हात पुसत विचारले, "भाईसाब, लड़का गाड़ी उठाता है क्या?"

बँकेत पंचवीस वर्षे नोकरी केलेले ते गृहस्थ हादरलेच. त्यांना वाटले, चोरीची भानगड आहे. मग फिटरने समजावून सांगितले, गाडी उचलून नेत नाही, गाडीचे पुढचे चाक उचलतो. चोरी नाही हे कळल्याचा आनंद जेमतेम घरी पोहोचेपर्यंत टिकला.

पुढचे चाक हवेत उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी पळवायची, याला मुले 'व्हीली' म्हणतात. हे वेड तसे नवे नाही. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० वजनाने हलकी आणि पिकअपला अशी तिखट होती की, क्लच जरा फटकन सुटला तरी तिचे पुढचे चाक जमीन सोडायचे. फरक पडला तो ताकदीत. त्या गाडीची ताकद अकरा अश्वशक्ती होती. २०१२ मध्ये पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून २०० सीसीची ड्यूक बाहेर पडली, ती पंचवीस अश्वशक्तीची. पुढच्या वर्षी ३९० सीसीचे मॉडेल आले, त्रेचाळीसच्या घरातले. आज विशीतला मुलगा हप्त्यावर जी गाडी घेतो, तिच्या तोडीची ताकद त्याच्या वडिलांच्या तरुणपणी फक्त परदेशी मासिकांतल्या चित्रांत दिसायची.

चाक उचलते कसे, हे समजायला फार शास्त्र लागत नाही. साखळी मागचे चाक जोराने ओढते, गाडी पुढे झेपावते आणि तिचा भार पुढच्या चाकावरून मागच्यावर सरकतो. ओढ पुरेशी असली, तर पुढच्या चाकावर काहीच भार उरत नाही आणि ते वर येते. मुले हे दोन तऱ्हांनी करतात. एक तर नुसती रेस एकदम पिळायची, किंवा क्लच क्षणभर दाबून इंजिनाचा वेग वाढवायचा आणि तो पटकन सोडायचा. दुसरी तऱ्हा जास्त वापरात आहे आणि क्लचप्लेटा जळतात त्या याच तऱ्हेने.

इथवरचे कोणालाही एका सकाळी जमते. खरी गोम पुढे आहे. चाक थोडेसेच वर असते, तेव्हा ते टिकवायला रेस सतत वाढवत राहावी लागते. म्हणजे नवशिक्याची व्हीली ही नेहमी वेग वाढत जाणारी व्हीली असते. गिअर संपतो, ओढ कमी होते आणि पुढचे चाक धाडकन खाली आदळते. त्या क्षणी हँडल जरा तिरके असले, तर ते हातातच डावी-उजवीकडे फडफडू लागते आणि मग ते आवरणे भल्याभल्यांना जमत नाही. मुरलेला खेळाडू चाक बरेच वर नेतो, साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे. तिथे गाडीचा आणि त्याचा मिळून भार नेमका मागच्या चाकावर तोलला जातो. त्या जागी आले की वेग वाढवावा लागत नाही, संथपणे कितीही वेळ जाता येते. पण तीच जागा उलटून पाठीवर पडण्याची सीमाही असते. बोटभर पुढे गेले की गाडी मागे कोसळते.

तिथून परत आणणारी एकच गोष्ट असते, मागचा ब्रेक. तो हलकेच दाबला की चाक खाली येऊ लागते. म्हणून जाणते शिकवणारे पहिल्या दिवशी रेसला हातच लावू देत नाहीत म्हटले तरी चालेल. उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, चाक वीतभर उचलायचे आणि पायाने खाली आणायचे, एवढेच शेकडो वेळा. घाबरल्यावर हात आपोआप आवळतात आणि आवळलेल्या हाताने रेस आणखी पिळली जाते. भीतीच्या क्षणी पाय आपणहून हलला पाहिजे, त्यासाठी हा सराव. चलतचित्रे पाहून शिकणाऱ्यांच्या शिक्षणात नेमका हाच धडा गळालेला असतो, कारण तो पाहायला कंटाळवाणा आहे.

मोठ्या गाडीवर हे सोपे जाईल, अशी एक समजूत आहे. उचलणे सोपे जाते, हे खरे. परंतु तिथे मनगट नखभर जास्त फिरले तरी सगळी ताकद एका झटक्यात येते. म्हणून सुरुवात आधी सायकलवर आणि मग दीड-दोनशे सीसीच्या जुन्या गाडीवर करतात. कसरतपटूंच्या गाड्या मुळात वेगळ्याच असतात. मागे लोखंडी दांडा बसवलेला असतो, जेणेकरून गाडी उभी झाली तर तो जमिनीला टेकावा. इंजिनाभोवती पिंजरा असतो. मागचे दातेरी चक्र मोठे लावलेले असते, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ मिळते. मागच्या ब्रेकसाठी हाताशीही एक दांडी असते. शोरूममधून आलेल्या गाडीत यातले काहीही नसते. अलीकडच्या महागड्या गाड्यांमध्ये तर उलटीच सोय आहे. पुढचे चाक उचलू लागले की यंत्रणाच इंजिनाची ताकद कमी करते.

या कलेत लोक कुठवर गेले आहेत, हे ऐकले तर चक्कर येईल. १९८४ साली अमेरिकेच्या डग डोमोकॉस याने टॅलाडेगाच्या शर्यतपट्टीवर एका चाकावर १४५ मैल, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर गाडी नेली. तो थांबला, कारण पेट्रोल संपले. १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुडो याने ३३१ किलोमीटरचा पल्ला गाठला. दोघांनीही हे बंद पट्टीवर केले, समोरून दूधवाला येण्याची भीती नव्हती.

सुपर कॉरिडॉरवर मात्र ती असते. "बाबा, पहाटे तिथे चिटपाखरू नसतं," असे त्या मुलाने घरी सांगितले. अशा प्रत्येक मुलाचे हेच म्हणणे असते. पण चाक हवेत असताना हँडल फिरवून गाडी वळत नाही, पुढचा ब्रेक निकामी असतो आणि हेडलाइट व मीटर डोळ्यांसमोर आल्याने पुढचा रस्ताच दिसत नाही. कुत्रे आडवे आले, तर ते दिसायलाच उशीर होतो. शिवाय मुलगा मागे पडला तरी गाडी लगेच थांबत नाही. ती एकटीच घसरत पुढे जाते आणि कोणाला जाऊन लागेल, हे त्याच्या हातात नसते. मागे मित्राला बसवून हे करणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात व्हीली हा शब्द नाही. ती धोकादायक चालवण्याच्या १८४ व्या कलमात बसवली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुलगा अठराच्या आतला असेल, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये चेन्नई-बंगळूर महामार्गावर एक प्रसिद्ध यूट्यूबर व्हीली करताना पडला. अंगावर संरक्षक कपडे असल्याने जखमांवर निभावले, पण तुरुंगात जावे लागले आणि लायसन दहा वर्षांसाठी गेले.

इंदूरच्या त्या घरात दोन दिवस अबोला होता. वडिलांनी किल्ली कपाटात टाकली, आईने मुलाच्या कोपरावरची खपली पाहून डोळ्यांना पदर लावला. तिसऱ्या दिवशी जेवताना मुलाने विचारले, "बाबा, तुम्ही कधी नाही केलं? तुमच्याकडे तर आरएक्स होती ना?"

वडिलांचा हात हनुवटीवरच्या जुन्या व्रणाकडे गेला. १९९१ साली राऊच्या रस्त्यावर, मित्रांनी पैज लावली म्हणून, असे त्यांनी ताटाकडे पाहतच सांगितले.

"अहो, पण तुम्ही तर चेंडू लागला म्हणाला होतात!" आई म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती.

किल्ली अजून कपाटातच आहे. गावाबाहेर एका बंद आवारात, जागामालकाची परवानगी घेऊन सराव करणारी काही मुले त्या मुलाच्या ओळखीची निघाली. त्यांच्याकडे मागे दांडा लावलेली एक खिळखिळी दीडशे सीसीची गाडी आहे. आता दर रविवारी वडील त्याला तिथे घेऊन जातात. पाठीला आणि गुडघ्यांना कवच, अंगठ्यापर्यंत झाकणारे हातमोजे आणि चेहरा झाकणारे हेल्मेट घातल्याशिवाय त्याला खाली उतरू देत नाहीत. पहिल्या रविवारी पूर्ण तासभर त्याने चाक वीतभर उचलले आणि पायाने खाली आणले. परत येताना तो म्हणाला, पोटऱ्या फार दुखतात.